कलमा नावापुरता पढावा का?

पत्र थोडक्यात असं: वाचक जर्मनीच्या, वय ३१. चाकणच्या एका कारखान्यात चार वर्षं इंजिनिअर आहेत, पुण्यात राहतात, मराठी कामापुरती बोलतात आणि चांगली समजतात. ज्याच्याशी लग्न ठरतंय तो सहकारी कोकणी मुसलमान, घर रत्नागिरीकडच्या खेड तालुक्यात खाडीकाठी. वडील अर्धी हयात कुवेतला काढून परतलेले. घरात पाच वेळची नमाज, बहिणी बुरखा घेतात. घरच्यांचा नकार नाही, अट एकच: निकाहच्या आधी कलमा पढायचा, म्हणजे इस्लाम स्वीकारायचा. मुलगा म्हणतो, ‘नावापुरतं आहे, मिनिटभराचं काम. नंतर तुला कोणी काही विचारणार नाही.’ निकाह रमजानच्या आधी, म्हणजे पाच महिन्यांत, गावातच उरकायचा आणि कोर्टाचं ‘नंतर सावकाश बघू’ असं चाललंय. सुनेनं पहिले काही महिने गावी राहावं, असं सासूबाईंना वाटतं. वाचकांचा बाप्तिस्मा झालेला आहे, पण चर्चचा कर वाचवायला त्यांनी काही वर्षांपूर्वी चर्चचं सदस्यत्व रीतसर सोडलं. हे सासरी कोणालाच ठाऊक नाही. त्यांच्या पुण्यातल्या घरी एक कुत्राही आहे; त्याचं काय करायचं, असंही त्यांनी विचारलंय. त्या विचारतात: ‘माझा कशावरच फारसा विश्वास नाही. मग चार शब्द म्हणून सगळे खूश होत असतील तर म्हणायला काय हरकत आहे? आणि नाही म्हटलं तर तो त्यांचा अपमान होईल का?’

प्रिय मैत्रिणी,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. नाही म्हटल्यानं त्यांचा अपमान होत नाही. मनात नसताना हो म्हटल्यानं होतो. तुमच्या सासूबाईंच्या लेखी कलमा हा लग्नातला एखादा विधी नाही. अल्लाहशिवाय कोणी पूज्य नाही आणि मुहम्मद त्याचे रसूल आहेत, अशी ती साक्ष आहे. जी बाई आयुष्यभर फजरला उठत आली, तिच्यासमोर तुम्ही ती साक्ष खोटी द्याल आणि ती तुम्हाला खरी मानून पोटाशी धरेल. दोन वर्षांनी तिला कळलं की हे सगळं लग्नापुरतं होतं, तर तुमच्यावरचा तिचा विश्वास पुन्हा बसणं फार कठीण आहे.

‘मला काही वाटत नाही, म्हणून मला काही पडत नाही,’ हे तुमच्या पत्रातलं गृहीतक आहे. शब्द तुमच्यासाठी हलके असतील, पण त्यांची जबाबदारी दुसऱ्या दिवशीपासून इतरांवर येते. मोहल्ल्यातल्या बायका मुबारकबाद द्यायला येतील. नवं नाव सुचवलं जाईल. कुराण शिकवायला कोणाला सांगायचं, याची चर्चा सुरू होईल. रमजानात रोजा धरला का, हे जो तो विचारेल, तेही प्रेमानं. तुम्ही यातलं काही केलं नाही की बोल तुमच्यापेक्षा जास्त सासूबाईंना लागेल, की सुनेला काही शिकवलं नाही. ‘नंतर कोणी विचारणार नाही’ हे आश्वासन तुमच्या होणाऱ्या नवऱ्यानं दिलंय खरं, पण ते पाळणं त्याच्या हातात नाही.

दुसरं गृहीतक असं दिसतं की कलम्याशिवाय निकाह होतच नाही. तसं नाही. मुसलमान पुरुषानं ख्रिस्ती किंवा ज्यू स्त्रीशी, तिनं स्वतःचा धर्म ठेवून, निकाह करायला कुराणात परवानगी आहे. सूरह मायदाची पाचवी आयत याच बाबतीत सांगितली जाते. मात्र कोकणी मुसलमान बहुतेक सुन्नींमधल्या शाफई मताचे आहेत आणि शाफई मताच्या जुन्या ग्रंथांत या परवानगीच्या अटी हनफी या दुसऱ्या सुन्नी मतापेक्षा कडक आहेत. त्यामुळे काही मौलाना कचरतात, काही पढवतात. गावच्या खतीबाला (मशिदीत जुम्म्याचं प्रवचन देणाऱ्याला) किंवा काझीला थेट विचारल्याशिवाय याचं उत्तर मिळणार नाही, आणि तुमच्या पत्रावरून कोणी विचारल्याचं दिसत नाही. घरच्यांनी धरलं की अट आहे, तुम्ही धरलं की पर्याय नाही.

इथे चर्च सोडल्याचा मुद्दा येतो. जर्मनीत चर्चचा कर प्राप्तिकराच्या आठ किंवा नऊ टक्के असतो आणि तो टाळायला बरेच लोक सरकारी नोंदीतून नाव काढतात. पण तुम्ही पुढे लिहिता की विश्वासही फारसा नाही. तेव्हा खतीबाकडे जाण्याआधी स्वतःला विचारा: कर बाजूला ठेवला तर मी देवाला मानते का, स्वतःला ख्रिस्ती म्हणवते का? उत्तर हो असेल तर तसं सांगा, आणि नोंदीतून नाव काढल्याचंही सांगा. उत्तर नाही असेल तर ‘ती ख्रिस्ती आहे’ म्हणून निकाह पढवून घेणं हेही खोटंच होईल. मग प्रामाणिक वाट एकच उरते: विशेष विवाह कायद्यानं लग्न, आणि गावी वलीमा. वलीम्याचं जेवण वाढताना कोणाचा ईमान विचारत नाहीत. पण या वाटेची किंमतही ऐकून ठेवा. निकाहशिवायचा संसार धार्मिक माणसाच्या नजरेत संसारच नसतो. सासू-सासरे त्या घरात राहायला येणार नाहीत, असं होऊ शकतं. ही किंमत मोजायची तयारी तुमची नव्हे, तुमच्या नवऱ्याची असावी लागते, कारण आईबाप त्याचे आहेत.

आणखी एक शक्यता उगाच बाद करू नका. तुम्हाला इस्लाम खरोखर समजून घ्यावासा वाटत असेल तर घ्या, वाचा, विचारा, वर्षभर घ्या, लग्नानंतरही घ्या. पुढे मनापासून कलमा पढावासा वाटला तर तो दिवस सासूबाईंसाठी सोन्याचा असेल. आज तारखेच्या धाकानं पढलात तर तो दिवस कायमचा गेला. धर्म बदलायचा निर्णय झालाच, तर कागद करण्याआधी वकिलाला विचारा. धर्मांतराविषयीचे राज्याराज्यांतले कायदे अलीकडे भराभर बदलत आहेत.

आता कायद्याकडे वळू, कारण ‘कोर्टाचं सावकाश बघू’ या वाक्याची मला कलम्याहून जास्त काळजी वाटते.

पुष्कळ घरांत दोन वेगळ्या गोष्टींना सरसकट ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतात. एक म्हणजे झालेल्या निकाहची महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद. ती महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली होते. त्यानं दाखला मिळतो, पण तुम्हाला लागू होणारा कायदा बदलत नाही. दुसरी म्हणजे विशेष विवाह कायदा, १९५४ खालचं लग्न. त्यानं बरंच काही बदलतं.

नुसता निकाह झाला आणि तुम्ही ख्रिस्ती राहिलात, तर सुन्नी वारसा कायद्यानं बिगर मुसलमान बायको नवऱ्याची वारस ठरत नाही. फार तर तो वसियतीनं, म्हणजे मृत्युपत्रानं, एक तृतीयांशापर्यंत देऊ शकतो. कलमा पढलात तर मुलं असताना एक अष्टमांश, नसताना एक चतुर्थांश. विशेष विवाह कायद्यानं लग्न झालं तर नवऱ्याच्या मालमत्तेला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागतो: मुलं असतील तर बायकोला एक तृतीयांश, मुलं नसून इतर नातलग असतील तर निम्मं. शिवाय या कायद्याखाली नवऱ्याला दुसरं लग्न करता येत नाही, केलं तर तो गुन्हा आहे. नुसत्या निकाहनं महाराष्ट्रात ही बंदी येत नाही. तुमचा माणूस दुसरं लग्न करेल असं मी म्हणत नाही. पण परक्या देशात संसार मांडताना हा फरक ठाऊक असलाच पाहिजे.

सासरच्यांना यात एक भीती असते, की या कायद्यानं लग्न केलं तर मुलगा बापाच्या वारशातून बाद होतो. ही भीती चुकीची आहे. कुटुंबापासून विभक्त धरण्याचं कलम हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन अविभक्त कुटुंबांपुरतं आहे. अब्बांकडून मुलाला मुसलमान कायद्यानं जे मिळायचं ते मिळणारच. गावचं घर अब्बांच्या नावावर असेल तर त्यावर सुनेचा हक्कही यानं निर्माण होत नाही. हे त्यांना वकिलाच्या तोंडून ऐकू द्या. निम्मा विरोध इथेच मावळेल.

रीत अशी आहे. दोघांपैकी एकानं जिल्ह्यात सलग तीस दिवस राहिलेलं असावं. तुम्ही पुण्यात आहातच. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती तीस दिवस लागते, त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर सह्या. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद होते. तुमच्याकडून पासपोर्ट, व्हिसा, जन्माचा दाखला आणि लग्नाला अडथळा नसल्याचा जर्मन दाखला मागतील. हा शेवटचा दाखला गावच्या नोंदणी कार्यालयातून यायला वेळ लागतो आणि तो सहाच महिने चालतो. म्हणून अर्ज आधी, नोटीस नंतर. नोटिशीत नावं-पत्ते असतात आणि ती जाहीर लागते, त्यामुळे आंतरधर्मीय जोडप्यांच्या घरी कधी कधी तिऱ्हाईत माणसं ‘चौकशी’ला येतात. दार उघडून वाद घालू नका, थेट पोलिसांना कळवा. अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष असावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश आहे.

निकाह आधी होऊन गेला असेल, तर अशा वाचकांसाठीही दार बंद नाही. झालेलं लग्न याच कायद्याच्या पंधराव्या कलमाखाली नोंदवता येतं आणि पुढे तेच नियम लागू होतात. फक्त तेव्हा दोघांच्या सह्या लागतात, आणि लग्न होऊन गेल्यावर सहीला वेळ काढणं लोकांना जड जातं. तुमची अजून सगळी सूत्रं हातात आहेत. आधी सही, त्याच आठवड्यात निकाह.

व्हिसाचंही याच्याशी नातं आहे. भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहू देणारं) मिळतं ते लग्नाची नोंदणी होऊन दोन वर्षं झाल्यावर. नोंदणी जेवढी लांबेल तेवढं कार्ड लांबेल. तोवर आपला रोजगार व्हिसा सोडू नका. नवऱ्याच्या आधारावर मिळणाऱ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. आणि घटस्फोट झाला तर लग्नामुळे मिळालेलं ओसीआय रद्द होतं, हेही लक्षात ठेवा.

निकाह होणार असेल तर निकाहनाम्याकडे बारकाईनं बघा. छापील फॉर्ममध्ये नाव, मेहेर (नवऱ्यानं बायकोला द्यायची ठरलेली रक्कम), साक्षीदार एवढीच जागा असते. अटींसाठी वेगळा कागद जोडता येतो, दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्यांसह. त्यात काय लिहावं? बायको स्वतःच्या धर्मावर राहील. नोकरी चालू ठेवेल. संसार पुण्यात असेल. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं तर स्वतःला तलाक देण्याचा अधिकार तिला राहील. या शेवटच्या अटीला तफवीज म्हणतात, ती शरियतला धरून आहे आणि भारतीय न्यायालयांनी मानलेली आहे. मेहेर बऱ्याच ठिकाणी नाममात्र लिहितात. तसं करू नका. मेहेर तुमचा हक्क आहे, धर्म कोणताही असो, आणि नवऱ्याच्या पश्चात वाटणीच्या आधी फेडायचं ते कर्ज आहे. रुपयांऐवजी सोन्याचं वजन लिहिलं तर महागाईनं त्याची किंमत उतरत नाही. किती लगेच आणि किती नंतर, हेही स्पष्ट लिहा.

शाफई मतात वधूला वली, म्हणजे तिच्या वतीनं संमती देणारा पालक, लागतोच. तुमच्या बाबतीत तो कोण असेल, हे खतीबाला आधी विचारा. वडिलांचं नाव निघालं तर त्यांना जर्मनीतून निघण्यापूर्वी समजावून सांगा. एकतीस वर्षांच्या, स्वतः कमावणाऱ्या मुलीच्या लग्नाला बापानं संमती द्यायची, हे त्यांना मांडवात पहिल्यांदा कळलं तर ते बिथरतील, आणि त्यांच्या बिथरण्याचा अर्थ सासरी भलताच लावला जाईल.

आता तुमच्या माणसाबद्दल. पत्र वाचताना एक गोष्ट खटकत राहिली: तो आईला एक सांगतो आणि तुम्हाला दुसरं. आईला ‘ती पढेल’, तुम्हाला ‘नावापुरतं’. वाईट हेतूनं नव्हे. दोन प्रिय माणसांत अडकलेला माणूस हेच करतो. पण लग्नं इथेच बिघडतात. दोन घरांना दोन वचनं मिळतात आणि दोन्ही घरं आपापलं वचन मागायला येतात तेव्हा मध्ये सून उभी असते.

म्हणून एक बैठक घ्या. फोनवर नको, ईदच्या गर्दीत नको. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर, अम्मी, अब्बा, तुम्ही दोघं आणि घरात जिच्या शब्दाला वजन आहे अशी एक वडीलधारी व्यक्ती, बहुतेक घरांत ती फुफी (आत्या) असते. आधी त्यानं बोलायचं, त्याच्या घरच्या बोलीत (दीन म्हणजे धर्म): ‘हिचा दीन हिच्या मनावर. मी हिला कलमा पढायला सांगणार नाही आणि तुम्हीही सांगू नका. तिला उद्या वाटलं तर ती स्वतः येऊन सांगेल.’ मग तुम्ही, मराठीत, थोडक्यात: ‘अम्मी, तुमच्या घरात तुमच्या दीनाचा मान मी राखीन. पण मनात नसताना कलमा पढणं म्हणजे तुमच्याशी खोटं बोलणं होईल, आणि ते मला करायचं नाही.’ यापुढे बोलू नका. अम्मी रडतील. अब्बा म्हणतील, मोहल्ल्याला काय सांगू. कोणीतरी तोडगा काढेल, ‘ठीक आहे, आत्ता नको, नंतर पढेल.’ हा तोडगा तिथल्या तिथे थांबवा. नवऱ्यानंच म्हणावं, ‘नंतरचंही आम्ही वचन देत नाही.’ ते वाक्य अवघडलेलं वाटेल, पण पुढची दहा वर्षं तुम्ही त्या वाक्याच्या आधारानं राहाल.

तो हे बोलू शकला नाही तर लग्न मोडा असं मी म्हणत नाही. तारीख पुढे ढकला आणि त्याला वेळ द्या. मात्र नोटीस द्यायलाच टाळाटाळ होऊ लागली, तुमचा पासपोर्ट किंवा पगार ‘घरी ठेवायला’ मागितला गेला, किंवा पुण्यात एक आणि गावी गेल्यावर दुसराच असा माणूस दिसू लागला, तर पुढे जाऊ नका.

आता घरातलं वागणं. यात तुम्हाला धर्माचा अभ्यास नको, चार नियम कळले तरी निम्मे गैरसमज टळतील. निकाहनंतर सासरे तुमचे महरम (ज्याच्याशी लग्न कधीच होऊ शकत नाही असा नातलग) होतात, कायमचे; त्यांच्यासमोर डोकं उघडं राहिलं तरी धर्माची हरकत नाही. दीर, नणंदेचा नवरा, चुलत दीर हे महरम नाहीत. म्हणून जावा अब्बांसमोर मोकळ्या बसतील आणि धाकटा दीर दारात आला की ओढणी सावरतील. मराठी हिंदू घरांत पदर सासऱ्यांसमोर घ्यायची रीत होती, त्यामुळे पुण्यातल्या मैत्रिणी तुम्हाला याच्या नेमकं उलट सांगतील. दिराशी हात मिळवायला जाऊ नका. छातीशी हात नेऊन सलाम पुरतो.

वजूचं, म्हणजे नमाजीआधी हात-पाय-तोंड धुण्याचं, असंच आहे. शाफई मतात परस्त्रीच्या, अगदी स्वतःच्या बायकोच्याही उघड्या त्वचेला स्पर्श झाला तर वजू तुटतो. नवरा कोपरापर्यंत ओले हात घेऊन न्हाणीतून बाहेर येईल, तुम्ही सहज त्याचा हात धरायला जाल आणि तो झटकन मागे सरकेल. पहिल्यांदा हे फार लागतं. त्याला पुन्हा वजू करावा लागला असता, एवढंच त्यामागे आहे. दहा मिनिटं थांबा. मालेगाव, सोलापूरकडच्या हनफी घरांत हा नियम नाही, त्यामुळे तिथे लग्न झालेल्या मैत्रिणींचा अनुभव तुमच्या उपयोगी पडणार नाही. खाण्याचंही तसंच: हनफी घरांत वर्ज्य असलेल्या तिसऱ्या (शिंपल्या) खाडीकाठच्या शाफई घरात आवडीनं रांधल्या जातात.

कुत्र्याचा प्रश्न तुम्ही जाता जाता, संकोचानं विचारलाय, पण तो किरकोळ नाही. शाफई मतात कुत्रा नापाक आहे. त्याची लाळ किंवा ओला अंग-स्पर्श जिथे लागेल ती जागा सात वेळा धुवायची, त्यातल्या एकदा मातीनं. जिथे नमाज होते त्या घरात कुत्र्यानं फिरणं सासूबाईंना सहन होणार नाही, आणि त्यात त्यांचा जुलूम काही नाही. गावी त्याला नेऊ नका. पुण्यात ठेवता येईल, पण एक खोली त्याला कायमची बंद असू द्या, जानमाज (नमाजेची चटई) तिथेच, कुत्र्याचं भांडं स्वयंपाकघराच्या मोरीत कधीही धुवायचं नाही. सासू-सासरे राहायला आले की कुत्रा मित्राकडे. मुख्य म्हणजे नवऱ्याला विचारा की त्याचं स्वतःचं काय? तुमच्या फ्लॅटवर येऊन कुत्र्याशी खेळणारा प्रियकर आणि त्याच घरात पाच वेळा नमाज पढणारा नवरा यांच्या गरजा सारख्या नसतात.

जर्मनीहून खाऊ आणताना वेष्टन वाचा. तिकडच्या बऱ्याच गमी गोळ्यांत डुकराचं जिलेटिन असतं, नाताळच्या श्टोलेन केकमधल्या बेदाण्यांत अनेकदा रम मुरवलेली असते, चॉकलेटांत मद्य भरलेलं असतं. सुकामेवा आणि साधं चॉकलेट आणा. तुमच्या आईवडिलांना लग्नात वाइनचा पेला उंचवायचा असेल तर तो समारंभ जर्मनीत, वेगळा करा.

रमजानात रोजे धरायची तुमच्यावर सक्ती नाही. खूश करायला तीसही धरू नका. चाकणच्या कारखान्यात दिवसभर पाण्यावाचून काम करणं सवय नसलेल्याला झेपत नाही. घरात असाल तेव्हा स्वयंपाकघरात आडोशाला जेवा. पाळीच्या दिवसांत बायका रोजा धरत नाहीत, त्यामुळे त्या स्वयंपाकघरात दिवसाही कोणी ना कोणी दोन घास खात असतेच. तुम्ही एकट्या पडणार नाही. संध्याकाळी इफ्तारची ताटं मांडायला मात्र हजर राहा. सासूबाईंना त्याचं जे वाटेल ते तुम्हाला दिसेलच.

गावी काही महिने राहण्याबद्दल: त्या मागणीत तुम्हाला कोंडवाडा दिसतोय. तो नसेलही. परदेशी सुनेला ओळखायला त्यांना वेळ हवा असेल, मोहल्ल्याला ‘आमची सून’ दाखवायची असेल. त्यांनाच विचारा, काय मनात आहे. नोकरी सोडून मात्र जाऊ नका. नोकरी गेली की रोजगार व्हिसाचा आधार जातो. निकाहनंतर आठ-दहा दिवस राहा, मग महिन्यातून एक शनिवार-रविवार. आतून कडी लागणारी खोली हवी, हे नवऱ्यानं आधीच सांगावं, कारण कोकणातल्या भरल्या घरात दार वाजवून यायची पद्धत नसते आणि पहिल्याच दिवशी तुम्ही कडी मागितलीत तर ते वेगळंच दिसेल. कपड्यांचं गाव आणि पुणे असं वेगळं ठरवा: गावी सैल सलवार-कमीज आणि ओढणी, पुण्यात तुमचे तुम्ही. बुरख्याला नाही म्हणायचं असेल तर पहिल्या दिवशीच म्हणा. एकदा हौसेनं घातलात तर पुढच्या वेळी न घालणं ही बातमी होते.

मुलांविषयी तुमच्या पत्रात ओळही नाही, आणि सगळ्यात मोठा वाद तिथेच होतो. सासरच्यांच्या दृष्टीनं मुसलमान बापाचं मूल मुसलमानच. सातव्या दिवशी अकीका (बाळाच्या नावानं कुर्बानी), मुलगा असेल तर सुन्नत, नाव, मदरसा, घरात नाताळचं झाड असेल की नाही, जर्मन आजी-आजोबांकडे सुट्टीत जाईल की नाही; हे सगळं आज, फक्त तुम्ही दोघांनी, कागद घेऊन बोला. एकमत नसेल तिथे ‘एकमत नाही’ असंच लिहा. भारतात भारतीय आणि जर्मन असे दोन्ही पासपोर्ट मुलाला ठेवता येत नाहीत, हेही धरून चला. आणि संसार मोडला तर, हे ऐकायला कडू आहे, मुलाच्या ताब्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात नेलेलं मूल परत आणायची त्या करारातली सोय इथे लागू नाही. दोघांनाही हा धोका सारखाच आहे. त्यालाही सांगा.

एक विषय कोणी काढत नाही, तो मी काढते. मोहल्ल्याचं कब्रस्तान जमातीचं असतं आणि तिथे दफन मुसलमानांचं होतं. धर्म न बदलता शेवटपर्यंत संसार केलात तर नवऱ्याशेजारी तुम्हाला जागा मिळणार नाही. काही जणींना याचं काही वाटत नाही, काही जणी साठीनंतर याच विचारानं व्याकूळ होतात. निर्णय घेताना हेही एकदा मनात आणा.

आता दिवसांचा हिशोब. पाच महिने आहेत. या आठवड्यात लग्नाला अडथळा नसल्याच्या जर्मन दाखल्याचा अर्ज आणि मुलांविषयीचं बोलणं. पंधरा दिवसांत खतीबाची भेट, नवऱ्यासोबत, चर्चची गोष्ट न लपवता. महिन्याच्या आत घरची बैठक. दाखला हातात आला की नोटीस, मग तीस दिवस, मग सही, मग निकाह. यातला एखादा टप्पा लांबला तर निकाह रमजानच्या आधी बसणार नाही. बसवायला जाऊ नका. ईदनंतरचा शव्वाल महिना निकाहसाठी चांगला मानतात, आणि कुवेत-दुबईचे नातलग ईदला सुट्टी काढून गावी आलेले असतात, तेव्हा अम्मींना ही तारीख पटवणं सोपं जाईल.